चोपड्याच्या सळापासून कॉम्प्युटरच्या कोऱ्या पानापर्यंत



बडोद्यातल्या आपल्या मराठी संस्थांबद्दल या ग्रुपवर पुष्कळ लिहून आलं आहे. गणेशोत्सव, तालमी, कीर्तनं, दरबारातले गवई, वाचनालयं. पण या प्रत्येक संस्थेच्या कपाटात लाल कापडी बांधणीची एक हिशेबाची वही असते, तिच्याबद्दल कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. मी बी.कॉम. झालो आणि सगळा जन्म बँकेत गेला, त्यामुळे माझी नजर आधी त्या वहीवर जाते. तेव्हा आज तिच्याविषयी. आणि तिची जागा घेणाऱ्या कॉम्प्युटरमधल्या कोऱ्या तक्त्याविषयी, ज्याला नवी मंडळी 'डिफॉल्ट टेम्प्लेट' म्हणतात. दोन्हींचा संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे.

हिशेब लिहिणाऱ्याचा पहिला प्रश्न आकड्यांचा नसतो. पान कसं आखायचं, हा असतो. तारीख कुठे, तपशील कुठे, रक्कम कुठे, बेरीज कुठे उतरवायची. हे रोज नव्यानं ठरवत बसलं तर महिन्याच्या शेवटी काहीच जुळणार नाही. म्हणून एकदा ठरवायचं आणि पुढचं प्रत्येक पान तसंच निघेल अशी सोय करायची. टेम्प्लेट म्हणजे एवढंच.

आपल्याकडे ही सोय फार जुनी आहे. दफ्तरातल्या कारकुनानं कोणता कागद कसा लिहावा, याचे नियम सांगणाऱ्या जुन्या लिखाणाला 'मेस्तक' म्हणत. परंपरा त्याचं श्रेय हेमाद्रीला, म्हणजे देवगिरीच्या यादवांच्या तेराव्या शतकातल्या मंत्र्याला देते. मराठी दफ्तरात पुढे रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद अशी साखळी पक्की झाली. रोजच्या नोंदी कीर्दीत, तिथून खात्यावार खतावणी, खात्यांचा गोषवारा म्हणजे तेरीज, आणि शेवटी ताळेबंद. कॉमर्स कॉलेजात आम्ही जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स आणि बॅलन्स शीट शिकलो तेव्हा शब्द इंग्रजी होते, वाट ओळखीची होती.

१७३४ मध्ये बडोदे कायमचं गायकवाडांकडे आलं आणि हे दफ्तरही इथे आलं. फडणीस, मुजुमदार, पोतनीस, दफ्तरदार, चिटणीस ही आपल्या शेजारपाजारची आडनावं त्याच कामावरून पडलेली. लिपी मोडी. राज्याचे मोडी कागद आजही इथल्या अभिलेखागारात आहेत.

पण बाजार गुजराती होता, आणि बाजाराची स्वतःची वही होती. चोपडा. त्यात छापील रेघा नसत. पानाला उभ्या घड्या घालून रकाने पाडायचे, त्या घड्यांना 'सळ' म्हणतात. डावी बाजू जमेची, उजवी उधारीची. प्रत्येक बाजूच्या पहिल्या सळात रक्कम आणि उरलेल्या सळांत तपशील. छापखाना नको, पट्टी नको, शाई नको. कागद दुमडला की तक्ता तयार. दिवाळीला चोपडापूजन व्हायचं, पहिल्या पानावर 'श्री' आणि 'लाभ-शुभ' लिहायचं आणि कार्तिक प्रतिपदेपासून नवं वर्ष. रोजच्या नोंदींचा रोजमेळ, मग खातावही, मग काचुं सरवैयुं म्हणजे ट्रायल बॅलन्स आणि पाकुं सरवैयुं म्हणजे बॅलन्स शीट. मी ज्या मराठी संस्थांच्या जुन्या वह्या पाहिल्या, त्यांत वही गुजराती पद्धतीची आणि मजकूर मराठी. बाजारात मिळायची तीच वही घेणार ना! आपल्या बडोदेकर मराठीचंही तेच झालं आहे.

सयाजीराव महाराजांनी या सगळ्याला शब्दांची शिस्त लावली. १९०८ साली त्यांच्या आश्रयानं बँक ऑफ बडोदा निघाली हे सर्वांना माहीत आहे. पण १९३१ साली बडोदे सरकारनं काढलेला 'श्री सयाजी शासनकल्पतरू' फार थोड्यांनी पाहिला असेल. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द देणारा हा कोश. एकाच कचेरीत दोन-तीन भाषा चालत असतील तर कोणत्या गोष्टीला काय म्हणायचं, हे आधी ठरवून छापून ठेवलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. मला त्याची आठवण पुढे एका फार लहान कामात झाली. ते खाली येईलच.

१ मे १९४९ ला बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. पुढे १९५० चा मुंबईचा सार्वजनिक ट्रस्ट कायदा आपल्या संस्थांना लागू झाला आणि १९६० साली गुजरात वेगळा झाल्यावरही तोच इथे चालू राहिला. या कायद्यानं ताळेबंदाचा नमुना ठरवून दिला, तो परिशिष्ट आठ. उत्पन्न-खर्चाचा नमुना परिशिष्ट नऊ. तोपर्यंत पान कसं आखायचं हे संस्था ठरवत होती, आता शेवटची दोन पानं सरकार ठरवू लागलं. ऑडिटरला ती दोन पानं बरोबर हवीत. आतली वही तुमची तुम्ही कशीही ठेवा.

मी सत्तरच्या दशकात एका राष्ट्रीयीकृत बँकेत लागलो तेव्हा शाखेत स्टेशनरीची स्वतंत्र खोली होती आणि तिची किल्ली एका वडीलधाऱ्या दफ्तरी काकांकडे असे. बँकेचं अर्धं शहाणपण त्या खोलीत छापून ठेवलेलं होतं. सेव्हिंग्जचं लेजर, करंटचं लेजर, सप्लिमेंटरी, क्लीन कॅश बुक, डे बुक, जनरल लेजर. नवा कारकून पहिल्या दिवशी काहीही न कळता कामाला लागू शकायचा, कारण रकाना त्याला सांगायचा की इथे काय लिहायचं. चूक झाली तरी ती कोणत्या रकान्यात शोधायची हे माहीत असायचं. बॅलन्सिंगला रात्री दहा-दहा वाजेपर्यंत बसलेले माझे समवयस्क हे वाचून मान डोलावतील.

नमुना बदलला की काय होतं तेही आम्ही पाहिलं. बँकांचं हिशेबी वर्ष तेव्हा जानेवारी ते डिसेंबर होतं. क्लोजिंग ३० जूनला आणि ३१ डिसेंबरला. मग सरकारनं ते एप्रिल-मार्च केलं आणि जानेवारी १९८८ ते मार्च १९८९ असं पंधरा महिन्यांचं एक वर्ष झालं. पंधरा महिने! बारा रकान्यांची छापील पत्रकं होती, त्यांना कडेला हातानं तीन रकाने जोडले. पुढे ३१ मार्च १९९२ च्या ताळेबंदापासून बँकांच्या बॅलन्स शीटचा नमुनाच बदलला आणि त्यापाठोपाठ कर्जांची नवी वर्गवारी आली. दर वेळी जुनी छापील पत्रकं रद्दीत गेली. छापलेल्या तक्त्याचं दुखणं हेच. तो पक्का असतो, आणि पक्का म्हणूनच फुकट जातो.

याच सुमारास कॉम्प्युटर शिरला. १९८३ मध्ये यांत्रिकीकरणाबाबत बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला, १९८४ मध्ये डॉ. सी. रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखांत लेजर पोस्टिंग मशीनं दिसू लागली. पण माझ्या मते हिशेबनिसाचं आयुष्य खरं बदललं ते दुसऱ्याच एका गोष्टीनं. स्प्रेडशीटनं.

तिची जन्मकथा छोटी आहे. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनला वाटलं की फळ्यावरच्या तक्त्यातला एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलायला हवेत. त्यानं बॉब फ्रँकस्टनबरोबर १९७९ साली 'व्हिझिकॅल्क' आणलं. ६३ रकाने, २५४ ओळी. १९८३ च्या जानेवारीत मिच केपॉरच्या कंपनीचं 'लोटस १-२-३' आलं आणि आमच्या पिढीनं भारतात पाहिलं ते हेच. काळ्या पडद्यावर तिरकी रेघ दाबली की वर मेनू यायचा. रीजनल ऑफिसात सर्व शाखांची पाक्षिक पत्रकं एकत्र करायला आठवडा लागायचा, तो एका दुपारवर आला.

आणि इथेही पहिला प्रश्न तोच निघाला. दर वेळी कोरं पान उघडायचं आणि रकान्यांची रुंदी, मथळे, बेरजांची सूत्रं पुन्हा पुन्हा घालायची का? लोटसमध्ये त्याला एक युक्ती होती. फाईलला 'ऑटो १२३' असं नाव देऊन ठरलेल्या डिरेक्टरीत ठेवली की प्रोग्रॅम सुरू होताच तीच उघडायची. म्हणजे सळ पाडलेलं पान आपोआप समोर.

त्यात एक मोठी खोट होती. उघडायची ती मूळ फाईलच, तिची नक्कल नव्हे. कोणी आकडे भरून सवयीनं सेव्ह केलं की कोरा नमुना गेला. एका शाखेत असा तीन महिन्यांचा नमुना एका सकाळी गेलेला मी पाहिला आहे. भरलेल्या फाईलमधून आकडे पुसून नमुना परत करायचा, तर पुसताना सूत्रंही पुसली जायची आणि बेरजेच्या जागी कोणीतरी टाईप केलेला आकडा बसायचा. दिसायला सगळं ठीक, बेरीज मात्र मागच्या पंधरवड्याची. म्हणून शहाणी माणसं मूळ नमुना वेगळ्या फ्लॉपीवर ठेवत. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला एक चौकोनी खाच असे. त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की तिच्यावर काही लिहिता येत नसे, फक्त वाचता येई. दहा पैशांच्या चिकटपट्टीवर अख्ख्या रीजनची पत्रकं सुरक्षित होती म्हणा ना.

एक्सेल १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर आलं. आमच्या टेबलांवर ते नव्वदच्या दशकात पोचलं. त्यात टेम्प्लेट ही वेगळी जातच होती. ती उघडली की मूळ जागीच राहते आणि तुमच्या हातात बिननावाची नक्कल येते. ही सोय पाहिल्यावर ती खाच आणि ती चिकटपट्टी आठवली नाही असा माणूस आमच्या पिढीत नसेल.

आता ज्यांना आपल्या संस्थेसाठी हे करायचं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. एक्सेलमध्ये नवं पान उघडा, फाँट, रकान्यांची रुंदी, ए-फोर कागद, समास, पानाच्या डोक्यावर संस्थेचं नाव, खाली पान क्रमांक, सगळं मनासारखं करा. मग 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये 'एक्सेल टेम्प्लेट' हा प्रकार निवडा, इंग्रजीत 'बुक' एवढंच नाव द्या आणि 'एक्सएलस्टार्ट' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. नाव दुसरं दिलं तर चालत नाही. एकाच पानाचा नमुना 'शीट' या नावानं तिथेच ठेवला तर चालू फाईलमध्ये घातलेलं प्रत्येक नवं पानही तसंच निघतं. बरेच जण इथे फसतात. २०१३ पासूनच्या एक्सेलमध्ये सुरुवातीला जो चित्रांचा पडदा येतो, त्यातल्या 'ब्लँक वर्कबुक'वर टिचकी मारली तर तुमचा नमुना न येता कंपनीचा येतो. कंट्रोल आणि एन दाबा, किंवा ऑप्शन्समध्ये जाऊन तो सुरुवातीचा पडदा बंद करा.

'लिबर ऑफिस' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना आणखी सोपं आहे. फाईल मेनूत टेम्प्लेट्स, त्यात 'सेव्ह अ‍ॅज टेम्प्लेट', आणि तिथेच 'सेट अ‍ॅज डिफॉल्ट टेम्प्लेट'ची चौकट. ती टिकमार्क केली की झालं. फक्त तिथे देवनागरीचा फाँट इंग्रजीच्या फाँटपासून वेगळा ठरवावा लागतो. इंग्रजीचा बदलून भागत नाही.

तारखेत आधी दिवस की आधी महिना, आणि लाख-कोटींचे स्वल्पविराम, हे मात्र एक्सेलच्या टेम्प्लेटवर सोडू नका. ते विंडोजच्या 'रीजन' सेटिंगवरून ठरतं. तिथे 'इंग्लिश (इंडिया)' असलं पाहिजे, नाहीतर १२,५०,००० चे १,२५०,००० दिसतील आणि वार्षिक सभेत एखादे आजोबा हमखास विचारतील की हे किती झाले. आणि टेम्प्लेट बदललं म्हणून आधी तयार झालेल्या फायली बदलत नाहीत. हे बरंच आहे. मागच्या वर्षीचा हिशेब मागच्या वर्षीसारखाच दिसला पाहिजे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगतो.

आमच्या मंडळाच्या कपाटात चार प्रकारचे हिशेब आहेत. सर्वांत जुन्या वह्या मोडीत. त्या वाचू शकेल असा एकही सभासद आज हयात नाही. मग बाळबोध मराठीतल्या वह्या, त्या कोणीही वाचू शकतो. मग नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून काही वर्षांच्या कॉम्प्युटरच्या फायली. आणि मग गेल्या काही वर्षांच्या, ज्यांत मथळे इंग्रजी आहेत.

तिसरा प्रकार पाहून मला सर्वांत वाईट वाटतं. त्या काळी मराठी टाईप करायला निरनिराळ्या कंपन्यांचे फाँट असत आणि प्रत्येकाची अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपापल्या पद्धतीनं बसवलेली. फाईलमध्ये साठायचं इंग्रजी अक्षर, पडद्यावर दिसायचं मराठी. तो फाँट कॉम्प्युटरवर असेल तोवरच मराठी. तो गेला की 'वर्गणी' आणि 'देणगी'च्या जागी नुसती अगम्य चिन्हं. आकडे दिसतात, ते कशाचे आहेत ते कळत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, विंडोज २००० मध्ये तिची सोयही आली, पण आमच्यासारख्या संस्थांपर्यंत पोचायला आणखी बरीच वर्षं गेली. मोडीच्या वह्या वाचता न येण्याला निदान तीन-चार पिढ्या लागल्या. या फायलींना वीस वर्षंसुद्धा लागली नाहीत.

चौथ्या प्रकाराचं कारण साधं आहे. कोणी मराठीविरुद्ध ठराव केला नव्हता. आमचा आताचा तरुण खजिनदार हुशार आणि प्रामाणिक मुलगा आहे. इथेच वाढला, घरी मराठी, मित्रांत गुजराती, ऑफिसात इंग्रजी. त्यानं एक्सेल उघडलं, समोर कोरं इंग्रजी पान आलं, त्यानं वर 'डेट', 'पर्टिक्युलर्स', 'अमाउंट' लिहिलं. पुढची सगळी पानं तशीच निघाली. शंभर वर्षांचं मराठी हिशेबलेखन संपायला एवढं पुरलं.

कमिटीत मी विषय काढला तेव्हा तो म्हणाला, "काका, मराठी मथळे नक्की कोणासाठी? ऑडिटरला इंग्रजी किंवा गुजराती लागतं." प्रश्न रास्त होता. वार्षिक सभेला येणाऱ्यांपैकी निम्म्यांना 'अ‍ॅक्रूड इंटरेस्ट' कळत नाही आणि 'येणे व्याज' कळतं, हे मी सांगितलं. ते त्याला पटलं. पण दोन ठिकाणी दोनदा लिहायला त्याला वेळ नव्हता, तेही मला पटलं.

मग आम्ही दोघं दोन रविवार बसलो. नमुन्यात प्रत्येक मथळा दोन ओळींचा केला. वर मराठी, खाली इंग्रजी. जमा, खर्च, शिल्लक, वर्गणी, देणगी, येणे, देणे, घसारा, अनामत. त्या यादीवर वाद घालताना मला तो शासनकल्पतरू आठवला. महाराजांचं काम आठ भाषांचं होतं, आमचं दोन भाषांतल्या पंचवीस-तीस शब्दांचं. शब्द जुन्या बाळबोध वह्यांतूनच घेतले, नवे घडवले नाहीत. सगळं युनिकोडमध्ये. शेवटच्या दोन पानांवर परिशिष्ट आठ आणि नऊ, ऑडिटरला हवी तशी. तपशील ज्याला जसा जमेल तसा लिहू दे, ती सक्ती ठेवली नाही. फाईल डिफॉल्ट करून टाकली. आता त्याला काहीच करावं लागत नाही. कंट्रोल-एन दाबलं की वर 'जमा' असतं.

गेल्या वर्षीच्या वहीत त्यानं तपशीलही बऱ्याच ठिकाणी मराठीत लिहिलाय. 'मांडववाल्यास पोटी रु. ५,००० आगाऊ' अशी एक नोंद आहे. 'पोटी' हा शब्द त्याला कुठून मिळाला विचारलं, तर म्हणाला जुन्या वहीत वाचला.

आणखी एक नियम केला. दर ३१ मार्चला पूर्ण वर्षाचा हिशेब कागदावर छापून, सह्या करून, बांधून कपाटात ठेवायचा. सॉफ्टवेअर बदलतं, कागद उघडायला काही लागत नाही.

इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबादकडच्या मंडळींना विनंती. तुमच्या संस्थांच्या कपाटांत काय आहे ते एकदा पाहा. जुन्या फाँटमधल्या फायली असतील आणि तो फाँट असलेला एखादा जुना कॉम्प्युटर अजून चालू असेल, तर तो बंद पडायच्या आत सगळं छापून घ्या. मोडी वाचणारं कोणी ओळखीचं असेल तर जरूर कळवा, आमच्या वह्या वाट पाहताहेत. आणि आमच्या नमुन्याची फाईल कोणाला हवी असेल तर खाली लिहा. संस्थेचं नाव बदलायचं आणि वापरायची, बाकी सळ पाडलेले आहेत.